कार्ब्युरेटरचे मंदगती समायोजन

वाहन उभे असताना भाराविना चालणाऱ्या एंजिनाची गती स्थिर राहावी म्हणून हवा व पेट्रोल यांच्या मिश्रणाचे प्रमाण जुळविण्याची क्रिया. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनास वजनाने सु. १४.७ पट हवा लागते; मंदगतीस मिश्रण त्याहून किंचित समृद्ध ठेवतात. कॅमदंड बदलून दोन्ही झडपा एकाच वेळी उघड्या राहण्याचा काळ वाढविल्यास सिलिंडरात दग्ध वायू अधिक उरतात, पेट्रोल ओढणारी खेच घटते आणि मूळचे समायोजन निरुपयोगी ठरते.

प्रथम प्रज्वलनाचा क्षण, झडपांची फट व हवेची गळती तपासतात. एंजिन पुरते तापल्यावर मिश्रणाचा स्क्रू सावकाश फिरवून गती सर्वाधिक होईल तेथे ठेवतात. मग गतीच्या स्क्रूने ती उतरवितात व दोन्ही क्रिया पुन्हा करतात.

जळगाव व धुळे जिल्ह्यांत उन्हाळ्यात तापमान ४२° से.वर जाते. १०° से.च्या तुलनेत अशी हवा सु. एक दशांशाने विरळ असते. त्यामुळे हिवाळ्यात जुळविलेले मिश्रण उन्हाळ्यात अतिसमृद्ध होते. ठिणगीगुडदी काजळते व विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हा वायू गंधहीन असल्याने हे काम मोकळ्या हवेतच करणे आवश्यक असते. भारत स्टेज ६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाल्यावर नव्या दुचाकींत कार्ब्युरेटरची जागा इंधन-अंतःक्षेपणाने घेतली. जुन्या वाहनांस मात्र हे समायोजन अद्याप लागते.