जुन्या सुट्या भागांतून मोटारसायकल उभी करताना

आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांपैकी कितीतरी जणांचा धंदा मोटारसायकलवर चालतो. नमुन्याचे गाठोडे घेऊन आठवडे बाजार करणारा असो की हत्यारांची पेटी बांधून खेड्यापाड्यांत जाणारा कारागीर, गाडी बंद तर रोजी बंद. नवी गाडी घ्यावी तर हप्ता आणि व्याज मानगुटीवर बसते. म्हणून जुनी गाडी घेऊन, जुने भाग लावून ती उभी करण्याचा मार्ग पुष्कळजण धरतात. आम्ही कापडाचे व्यापारी, फिटर नव्हे. पण मालेगावच्या आमच्या दुकानासाठी अशा दोन गाड्या बांधून घेतल्या. पहिलीत फसलो, दुसरी आजही सटाणा-कळवणची फेरी करते.

पहिल्या गाडीचे, २०१४ सालचे, इंजिन बसले होते. भंगारवाल्याकडे तयार इंजिन स्वस्तात मिळाले, आम्ही ते पावतीशिवाय उचलले आणि बसवले. महिन्याभराने नाकाबंदीत आर. सी. बुकातला इंजिन नंबर जुळेना. गाडी १९ दिवस ठाण्यात उभी राहिली. आमच्याकडे कामाला असलेल्या मुलाला रोज जबाबासाठी बोलावणे. ऐन सणाच्या तोंडावर त्या पोराचे तोंड उतरले ते आम्हाला अजून आठवते. चूक त्याची नव्हती, आमची होती.

आता यातली मेख अशी. इंजिन नंबर इंजिनच्या केसवर ठोकलेला असतो आणि चेसी नंबर हँडलच्या मानेवर. हेड, सिलिंडर, क्रँक, गिअर, क्लच, कार्बोरेटर यांपैकी काहीही बदलले तरी नंबर बदलत नाही. म्हणून आपली केस जपावी आणि पोटातले भाग बदलावेत. केसच फुटली असेल आणि पूर्ण इंजिन घ्यावेच लागले, तर ते त्याच कंपनीचे व त्याच जातीचे असावे, विकणाऱ्याची पावती व मूळ गाडीचे कागद घ्यावेत आणि आरटीओची परवानगी आधी काढून आर. सी. वर नोंद करावी. चोरीचा माल चोरीचा आहे हे माहीत असून, किंवा तसे मानायला कारण असून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळाले, हेही असे कारण धरले जाऊ शकते.

गाडी निवडताना भाग कुठे मिळतील ते पाहावे. हिरो होंडाची सी. डी. १०० ही १९८५ साली आली, स्प्लेंडर १९९४ साली. दोन्हींचे इंजिन ९७.२ सी. सी. चे, एकाच घराण्यातले. भाग गल्लोगल्ली मिळतात आणि कोणताही फिटर डोळे झाकून काम करतो. यामाहाची आर. एक्स. १०० धावायला जबरदस्त, पण ती १९९६ साली बंद झाली आणि हौशी मंडळींनी तिच्या भागांचे भाव चढवून ठेवले आहेत. धंद्याच्या माणसाने त्या वाटेला जाऊ नये.

जुना भाग घेताना तागा उलगडून पाहतो तसा पाहावा. क्रँक हातात धरून कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढावा. त्या दिशेने जराही खेळ लागला तर ठेवून द्यावा. बाजूला थोडा हलतो, ते चालते. पुढच्या शॉकअपचा पाइप काचेवर लोळवावा. वाकडा असला तर काचेखालून उजेड दिसतो. त्याच्यावर गंजाचे खड्डे असतील तर नवे ऑईल सील टाकूनही तेल गळणारच. टाकीत बॅटरी मारून तळ पाहावा, कारण वरचा रंग नवा असतो आणि गंज आत असतो. टाकी, मडगार्ड, हँडल, शॉकअप, क्रँक, हब हे जुने चालतात. हबच्या आत ब्रेक घासतो तिथे खोल चरे मात्र नकोत.

टायर, ब्रेक शू, केबल, बेअरिंग, ऑईल सील, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट नवेच घ्यावेत. नुसती चेन नवी टाकली तर झिजलेले दात तिला काही महिन्यांत खातात. पिस्टनही नवा. बोअर करायचा तर ओव्हरसाइज पिस्टन आधी विकत घेऊन लेथवाल्याच्या हातात द्यावा. तो पिस्टन मोजून मग सिलिंडर कापतो. पहिल्याच खेपेला ०.२५ मध्ये काम होत असेल तर ०.५० कापू देऊ नये. पुढची एक खेप हातची जाते.

दुसऱ्या गाडीचा, २०२३ सालचा, आमच्या वहीतला हिशेब : स्प्लेंडर गाडी १२,००० रुपये, जुने भाग ४,२००, लेथच्या कामासह नवे भाग ८,०००, फिटर ३,०००. एकूण २७,२००. जुन्या मालाची गाडी म्हणतात, पण सुट्या भागांचा मोठा पैसा नव्यावरच गेला. कागदांचा खर्च वेगळा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर दर ५ वर्षांनी तपासणी, फी आणि पर्यावरण कर. तेव्हा सौदा ठरवण्यापूर्वीच परिवहन खात्याच्या 'वाहन' नोंदीत गाडीचा नंबर घालून मुदत, बँकेचा बोजा आणि थकलेले चलान पाहून घ्यावे. आम्ही पाहिले तेव्हा पहिल्याने दाखवलेल्या गाडीवर फायनान्सचा बोजा निघाला. ती सोडून दिली.

नवा बोअर झाल्यावर पहिले ५०० किलोमीटर गाडी सावकाश चालवावी, डबलसीट नेऊ नये आणि मग ऑईल बदलावे. तोवर कापडाचे गाठोडे आम्ही एसटीने पाठवले.