तीस अंशांवर वाढणारा जंतू

फिशटँक धुताना काचेच्या कडेनं बोट कापतं. शिंगाळा साफ करताना त्याचा काटा हातात घुसतो. जखम एवढीशी, हळद दाबली की विसरून जावी अशी. पण दोन-चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, तिथंच लालसर-जांभळी गाठ येते. ताप नसतो, दुखणंही बेताचंच. त्यामुळे ती अंगावर काढली जाते आणि मग एके दिवशी बोट वळेनासं होतं.

या गाठीत मायकोबॅक्टेरियम मरीनम असू शकतो. हा क्षयाच्या जंतूचा जवळचा नातलग. १९२६ साली फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयात दगावलेल्या समुद्री माशांमध्ये जोसेफ ॲरॉन्सन यांना तो सापडला. १९५१ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी जलतरण तलावात पोहणाऱ्यांच्या जखमांतून तो वेगळा केला. तलावांत क्लोरीन नीट पडू लागल्यावर ती वाट बरीचशी बंद झाली. आता तो गाठतो तो बहुधा फिशटँक आणि मासळी हाताळणाऱ्यांना.

याला थंडावा लागतो. तीस-बत्तीस अंश सेल्सिअसला तो जोमानं वाढतो, सदतीसला त्याची वाढ खुंटते. म्हणून क्षयासारखा तो फुप्फुसात शिरत नाही. हातापायांच्या, त्यामानानं गार कातडीतच मुक्काम करतो. बोटांत मात्र कातडीखाली लगेच स्नायूंच्या दोऱ्या, सांधे आणि हाडं असतात. उपचार लांबले तर तो तिथं उतरतो. हाडापर्यंत तो क्वचितच जातो, पण गेला तर हाड पोखरतो.

निदान चुकतं तेही या थंडाव्यापायीच. प्रयोगशाळेत नमुने एरवी सदतीस अंशांवर वाढवतात. तिथं हा उगवतच नाही आणि ‘जंतू आढळले नाहीत’ असा अहवाल येतो. नमुना तीस अंशांवर काही आठवडे ठेवायला हवा, हे आधीच सांगावं लागतं. गाठीचा तुकडा तपासला तर तो क्षयासारखाच दिसतो. पण क्षयावरची आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड इथं कामाची नाहीत. संधिवात समजून सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, तर आजार आणखी बळावतो.

योग्य औषधांनी तो बरा होतो. क्लॅरिथ्रोमायसिन, इथॅम्ब्युटॉल, हाडापर्यंत पोचला असेल तर सोबत रिफॅम्पिसिन, आणि तेही कित्येक महिने. काही वेळा शस्त्रक्रियाही लागते.

मासळी विकणाऱ्या, निवडणाऱ्या बायांचे हात रोज काट्यांत असतात. त्यांनी आणि घरी फिशटँक बाळगणाऱ्यांनी एवढं करावं: बोटाची गाठ तीन आठवड्यांत बसली नाही, तर डॉक्टरांकडे जावं आणि ते विचारोत न विचारोत, ‘मला माशाचा काटा लागला होता’ हे आपणहून सांगावं.