उशाशी ठेवलेली वही

नवागामच्या या शाळेने स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण दिले, तेव्हा मी एखाद्या ग्रंथावर बोलेन अशी चालकांची अपेक्षा असावी. मी मात्र साहित्यात न बसणाऱ्या एका वहीचा विषय मागून घेतला. समोर बसलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी आज अंथरुणाला खिळलेले कोणी ना कोणी असेल.

पक्षाघातानंतर माझी पत्नी चार वर्षे अंथरुणावर होती. औषधांच्या वेळा, ताप, झोप यांची मी नोंद ठेवीत असे. एका पहाटे त्या नोंदीखाली माझ्या हातून लिहिले गेले, ‘हे आता संपावे.’ ते पान मी फाडले. दुसऱ्या रात्री तेच वाक्य पुन्हा उतरले. या वेळी ते राहू दिले. जन्मभर शब्दार्थ शिकविलेल्या मला त्या ‘हे’चा अर्थ लावण्यास तीन पाने लागली. संपावे असे वाटत होते, ते माझे जागरण होते.

लेखनाने मन हलके होते, या समजुतीची परीक्षा अमेरिकेत जेम्स पेनेबेकर यांनी घेतली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज १५ मिनिटे आपल्या आयुष्यातील आघातांविषयी लिहिले. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना पुढील सहा महिन्यांत दवाखान्याची पायरी कमी वेळा चढावी लागली. लिहून उठताना मात्र त्यांचे मन अधिकच खिन्न असे. हे नवशिक्याने ध्यानी ठेवावे.

परंतु २००७ साली वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या आप्तांवर झालेल्या अभ्यासात अपेक्षेविरुद्ध निष्कर्ष निघाला. मनातील दुःख ओतणाऱ्यांना विशेष लाभ झाला नाही. आपला वेळ कसा जातो, कसा लावावा, हे लिहिणाऱ्यांची प्रकृती सुधारली. मला याचे नवल वाटत नाही. विद्यार्थ्यांचा आघात घडून गेलेला होता. शुश्रूषा करणाऱ्याचा आघात उद्या सकाळी पुन्हा उभा असतो. तेव्हा वहीत दुःखाबरोबर दिवसाचा हिशेबही असावा.

आपल्याकडील अडचणी निराळ्या आहेत. एका खोलीच्या घरात वही लपवावी कोठे? लिहून फाडले तरी चालते. फाडलेल्या पानानेही आपले काम केलेले असते. रुग्णाची लाज राखण्यासाठी तर काही पाने फाडावीतच. आणि भाषा? येथील पुष्कळ घरे खानदेशातून आलेली. त्यांनी खुशाल अहिराणीत लिहावे. शुद्धलेखनाचा आग्रह मी आयुष्यभर धरला. या वहीपुरता तो मागे घेतो. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव व एका आप्ताने टिपून ठेवली आणि १९५२ साली ती पुस्तकरूपाने आली. ज्या माउलीला लिहिता येत नाही, तिचे दोन शब्द शाळकरी नातवाने उतरून घ्यावेत. तिने सांगावे तेवढेच.

माझी वही मी मुलाला दाखविली नाही. फक्त एका महिन्यातील रात्रींचा हिशेब त्याला वाचून दाखविला : किती वेळा उठलो, किती तास झोपलो. तो काही बोलला नाही. त्या शनिवारपासून रात्री आईजवळ तो बसू लागला.