संसार एकत्र, मालकी वेगळी

दोघंही कमावती असली की घरखर्चाची वाटणी बहुतेक वेळा आपोआप पडते. एकाच्या पगारातून फ्लॅटचा हप्ता जातो; दुसऱ्याच्या पगारातून किराणा, मुलांची फी, वीजबिल, कामाच्या मावशींचा पगार. भार दोघांनी उचलला, म्हणजे घरही दोघांचं, असं आपण धरून चालतो. कायदा तसं धरत नाही.

गैरसमज : लग्न झालं की सगळं निम्मं-निम्मं.
वस्तुस्थिती : महाराष्ट्रात नुसत्या लग्नाने मालकी बदलत नाही. खरेदीखत ज्याच्या नावावर, फ्लॅट त्याचा. ते हप्ते भरणाऱ्याच्या नावावर असलं, तर कर्ज फिटतं तेव्हा त्याच्या हाती घर असतं. किराणा भरणाऱ्याकडे पावत्याही उरलेल्या नसतात. गोव्यात नेमकं उलट. तिथे १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतले कौटुंबिक नियम आजही चालतात. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर मालमत्ता सामाईक ठरते आणि जोडीदाराच्या संमतीशिवाय घर-जमीन विकता येत नाही.

गैरसमज : सुनेचे दागिने म्हणजे घरचं सोनं.
वस्तुस्थिती : माहेरहून किंवा सासरहून तिला मिळालेलं स्त्रीधन तिचं एकटीचं. नवऱ्याने अडीनडीला ते मोडलं, तरी परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हे सांगितलं आणि २०२४ मध्ये पुन्हा बजावलं.

गैरसमज : वेगळं खातं म्हणजे मनात अंतर.
वस्तुस्थिती : ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीच्या जॉइंट खात्यातून कुणीही एकटा सगळी रक्कम काढू शकतो. म्हणून घरखर्चापुरतं जॉइंट खातं आणि बाकी आपापली खाती, ही सोय दोघांच्याही हिताची.

गैरसमज : बायको नॉमिनी आहे, म्हणजे पैसे तिचेच.
वस्तुस्थिती : बँकेतल्या ठेवीचा नॉमिनी फक्त रक्कम स्वीकारतो, हक्क वारसांचा. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला, तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना सारखा वाटा मिळतो.

गैरसमज : आडनाव बदलावंच लागतं.
वस्तुस्थिती : तशी सक्ती करणारा कायदा नाही. पासपोर्टसुद्धा माहेरच्या नावाने चालतो.

घर घेतानाच खरेदीखतात दोघांची नावं आणि प्रत्येकाचा वाटा लिहून घ्यावा. राहून गेलं, तर पुढे बक्षीसपत्र करून ते नोंदवावं लागतं. मृत्युपत्रही दोघांनी करावं, तरुणपणीच.