डोंगरधारेवर संकोच नको

कात्रज ते सिंहगड या डोंगरधारेवर एकामागून एक टेकड्या चढाव्या-उतराव्या लागतात. सावली विरळ आणि पाण्याची खात्री नाही. म्हणून वाचकहो, पाणी भरपूर घ्यावे, सोबत ओआरएसही असावे. मधुमेही व्यक्तींनी औषधाच्या मात्रेविषयी आपल्या डॉक्टरांशी आधी बोलावे; साखर खिशात ठेवावी, पाठपिशवीच्या तळाशी नव्हे. आपला आजार गटप्रमुखास निघण्यापूर्वीच सांगावा.

चढावर छातीत दडपण आले, हातात वा जबड्यात कळ आली, तर ‘दम लागला असेल’ म्हणून पुढे जाऊ नये. तेथेच बसावे आणि सांगावे. आपल्यामुळे इतरांचा खोळंबा होईल, हा संकोच जिवावर बेतू शकतो. आपण धडधाकट असाल, तर अशा सोबत्याला एकट्याने माघारी पाठवू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.