पेनड्राइव्ह काढला, तरी माग उरतो

अमेरिकेतल्या जॉन हॅलर यांनी २००४ मध्ये फायरफॉक्स ब्राउझर थेट पेनड्राइव्हवरून चालेल असा करून दिला. पुढे त्यातूनच ‘पोर्टेबलअ‍ॅप्स’चा मोठा संग्रह उभा राहिला. सोय खरोखर मोलाची: दुसऱ्याच्या संगणकावर काही इन्स्टॉल करायला नको, बुकमार्क आणि हिस्ट्री आपल्या खिशात.

पण एवढ्यावर निर्धास्त होणं धोक्याचं आहे. कोणता पेनड्राइव्ह लावला होता याची नोंद विंडोज आपल्या रजिस्ट्रीत करून ठेवतं, बहुतेकदा सिरियल नंबरसकट. कोणता प्रोग्रॅम उघडला, हेही मागाहून शोधता येतं.

म्हणूनच ज्यांच्या जिवाशी गाठ असते, ते ‘टेल्स’ वापरतात. २००९ मध्ये आलेली ही मोफत लिनक्स प्रणाली किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर बसते. संगणक तिच्यावरूनच सुरू करायचा. आतल्या विंडोजला जागं करायचंच नाही. इंटरनेटची सगळी ये-जा वापरणाऱ्याचा माग लपवणाऱ्या टॉर नेटवर्कमधून होते आणि काम रॅममध्ये चालतं. घाईच्या वेळी पेनड्राइव्ह सरळ उपटला, की संगणक बंद पडतो आणि रॅम पुसली जाते. जपायचं ते पेनड्राइव्हवरच्याच एन्क्रिप्टेड कप्प्यात, स्वतःहून ठेवावं लागतं.

अमेरिकी सरकारची गुप्त पाळत उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेन यांची कागदपत्रं हाताळणाऱ्या लॉरा पॉइट्रस आणि ग्लेन ग्रीनवाल्ड या पत्रकारांचा भरवसा टेल्सवर होता. २०२४ मध्ये हा प्रकल्प टॉर प्रोजेक्टमध्ये विलीन झाला.

कीबोर्डच्या वायरीला कुणी दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा की-लॉगर जोडला असेल, तर मात्र टेल्सचाही इलाज चालत नाही. बसण्याआधी ती वायर संगणकाच्या पोर्टपर्यंत बोटाने चाचपून पाहावी.