शब्दाला पंचवीस पैसे

रामपायली हे बालाघाट जिल्ह्यातल्या वारासिवनी तालुक्यातले चंदन नदीकाठचे गाव. जुने राममंदिर, कार्तिक पौर्णिमेची जत्रा आणि चहूबाजूंनी धानाच्या बांध्या. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला आणि शेजारचा भंडारा मुंबई राज्यात गेला. त्या भंडाऱ्यातून १९९९ मध्ये गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. मध्ये राज्याची सीमा आली, पण सोयरीक तुटली नाही. म्हणूनच या पट्ट्यातली कितीतरी मुले घरात मराठी किंवा पोवारी बोलतात, शाळेत हिंदीतून शिकतात आणि कॉलेजात गेल्यावर इंग्रजीशी झटापट करतात.

अशी एखादी पदवी झालेली मुलगी मोबाइलवर ‘घरबसल्या लिहा आणि कमवा’ ही जाहिरात पाहते. लिहिता येते, नेट आहे, वेळही आहे. तिला ती संधी आपल्यासाठीच आहे असे वाटले तर त्यात नवल नाही. पण पहिल्या चार-सहा महिन्यांतच बरीच मुले हात टेकतात. लिहिता येत नाही म्हणून असे होते, असे मला वाटत नाही. भाव कसा ठरतो, पैसा कुठल्या वाटेने येतो आणि अडला तर दाद कुठे मागायची, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

भावापासूनच सुरुवात करू. वेबसाइटसाठी मजकूर पुरवणाऱ्या एजन्सी नवख्या लेखकाशी शब्दाच्या हिशेबाने बोलतात, आणि हा हिशेब बहुतेक वेळा पैशांत असतो. समजा, शब्दाला २५ पैसे ठरले. हजार शब्दांच्या लेखाचे झाले २५० रुपये. विषय असतो ‘घरासाठी वॉटर प्युरिफायर कसा निवडावा’ किंवा ‘मधुमेहात काय खावे’ असला. त्यासाठी आधी वाचायचे, मुद्दे काढायचे, लिहायचे, दिलेले ठरावीक शब्द ठरावीक वेळा बसवायचे, मग एजन्सीने सुचवलेले बदल करायचे, पुन्हा पाठवायचे. नवख्या माणसाचा यात अख्खा दिवस जातो. मध्य प्रदेशात २०२५-२६ साठी मनरेगाची दिवसाची मजुरी २६१ रुपये ठरली होती. म्हणजे लॅपटॉप आपला, वीज आपली, नेट आपले, आणि मोबदला मातीकामापेक्षाही कमी. हा हिशेब काम घेण्याआधी कागदावर मांडला पाहिजे. शब्दाचा दर ऐकून फसगत होते, तासाचा दर काढला की डोळे उघडतात.

एजन्सी नको म्हणून मुले परदेशी वेबसाइटकडे वळतात. फायव्हर या संकेतस्थळावर लेखकाच्या कमाईतले २० टक्के कंपनी ठेवते. पाच डॉलरचे काम केले की हाती चार येतात. अपवर्कचे कमिशन २०२५ पासून कामागणिक बदलते आणि ते १५ टक्क्यांपर्यंत जाते. शिवाय तिथे कामासाठी अर्ज करायचा तर ‘कनेक्ट्स’ खर्च करावे लागतात. एका कनेक्टची किंमत १५ सेंट, आणि एका अर्जाला असे अनेक लागतात. सुरुवातीचे थोडे फुकट मिळतात, ते संपले की खिशाला चाट. प्रत्येक कामाच्या पानावर आणखी एक आकडा असतो, आतापर्यंत किती जणांनी अर्ज केला त्याचा. ‘५०+’ असे दिसले की समजावे, ग्राहक पहिले काही अर्ज वाचून थांबला असण्याचीच शक्यता जास्त. नव्या लेखकाच्या नावापुढे एकही तारा नसतो, अभिप्राय नसतो. काम नाही म्हणून अभिप्राय नाही आणि अभिप्राय नाही म्हणून काम नाही, या चक्रात बरेच जण थकतात आणि दर पाडत पाडत शेवटी फुकट लिहायला तयार होतात.

फुकट लिहिण्याची दुसरी वाट ‘चाचणी लेखा’ची. आठशे शब्दांचा नमुना पाठवा, पसंत पडला तर काम देऊ, असे सांगितले जाते. दहा जणांनी दहा विषयांवर नमुने पाठवले की कुणाला काम न देताही दहा लेख तयार होतात. सगळेच असे करतात असे नाही. पण खरा ग्राहक आधी लिहिलेले काही दाखवा म्हणतो, किंवा चाचणीचेही पैसे देतो. दोनशे शब्दांपलीकडे फुकट नमुना मागितला तर नम्रपणे नाही म्हणावे.

याहून वाईट प्रकार टायपिंग आणि ‘डेटा एन्ट्री’च्या नावाने चालतो. आधी नोंदणी फी किंवा अनामत घेतात. मग इतकी पाने इतक्या दिवसांत, एवढे टक्के अचूकता, असा अशक्य करार पुढे करतात. काम पुरे झाले नाही किंवा चुका निघाल्या की वकिलाच्या नावाची नोटीस येते, ‘कराराचा भंग केला, इतके हजार भरा, नाहीतर कोर्टात खेचू.’ गावातले पोर घाबरते, घरच्यांना सांगत नाही आणि पैसे भरते. अशी नोटीस आली तर पैसे भरू नका, घरात सांगा, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. काम देणारा माणूस काम मागणाऱ्याकडून आधी पैसे घेत असेल, तर ते काम नव्हेच.

आता यंत्राचे. सांगितलेला मजकूर लिहून देणारे चॅटजीपीटी ३० नोव्हेंबर २०२२ रोजी लोकांसमोर आले. त्यानंतरच्या काही महिन्यांतल्या अपवर्कवरच्या कामांचा अमेरिकी संशोधकांनी अभ्यास केला. लेखनाशी संबंधित सेवा देणाऱ्यांची महिन्याची कामे सुमारे २ टक्क्यांनी आणि कमाई सुमारे ५ टक्क्यांनी घटल्याचे त्यांना आढळले. ही फक्त सुरुवातीची घट होती. वॉटर प्युरिफायरचा लेख यंत्र फुकटात लिहून देत असेल, तर २५ पैसेही कोणी का द्यावेत? नवख्यांना ज्या पायरीवरून वर चढता येत होते तीच पायरी यंत्राने काढून घेतली, असे म्हणायला हरकत नाही.

त्यात एक उलटा जाचही आहे. स्वतः लिहिलेला लेख ग्राहक एखाद्या तपासणी सॉफ्टवेअरमध्ये टाकतो, ते ‘हे यंत्राने लिहिले’ असे सांगते आणि पैसे अडतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सॉफ्टवेअर तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या परीक्षेतल्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले. साधी वाक्ये आणि मोजका शब्दसंग्रह हाच त्या मुलांचा गुन्हा. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेही आपले असे साधन पुरेसे अचूक नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केले. तेव्हा कोणी असा ठपका ठेवला तर गप्प बसू नये. कच्चे मसुदे, तारखांसह जपलेल्या फाइली आणि वाचलेल्या साहित्याची यादी पुढे ठेवावी. गुगल डॉक्समध्ये लिहिले तर प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहते, आणि ती दाखवता येते.

मग या मुलीने लिहूच नये का? लिहावे. पण जे सगळ्यांना येते ते विकायला जाऊ नये. तिच्याकडे असे बरेच आहे जे पुण्या-मुंबईच्या लेखकाकडे नाही आणि यंत्राकडेही नाही. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो सुवासिक धान कसा लावतात, व्यापारी त्यात भेसळ कशी ओळखतात, घरी तो कोणत्या सणाला शिजतो, हे तिला घरातच विचारता येते. वारासिवनीच्या हातमाग साड्या, भरवेलीची मँगनीजची खाण, मलाजखंडचे तांबे, कान्हाच्या जंगलाचा एक भाग, हे सगळे तिच्याच जिल्ह्यात. आणि सर्वांत मोठे भांडवल म्हणजे मराठी आणि हिंदी दोन्हींत सहज फिरणारी जीभ. बियाणे कंपनीचे माहितीपत्रक, दवाखान्याच्या सूचना, मुलांच्या अभ्यासक्रमाचे व्हिडिओ, चित्रपटांची उपशीर्षके यांना दोन्ही भाषा लागतात. माझे मत स्पष्ट आहे: पहिला ग्राहक अमेरिकेत शोधू नये. तो वारासिवनी, बालाघाट, गोंदिया, फार तर नागपुरात शोधावा. त्याला भेटता येते, उधारी थकली तर त्याच्या दारात उभे राहता येते आणि त्याचे नाव पुढच्या ग्राहकाला सांगता येते.

स्वतःचे काही लिहायचे असेल तर तीही सोय आहे. बंगळुरूत २०१४ साली सुरू झालेल्या प्रतिलिपीवर मराठी कथा वाचणारा वर्ग आहे, आणि गुगलची ॲडसेन्स ही जाहिरातसेवा २०१८ पासून मराठी मजकुरालाही लागू आहे. मात्र ॲडसेन्सच्या खात्यात १०० डॉलर जमेपर्यंत गुगल पैसे पाठवत नाही. मराठी ब्लॉगला तिथवर पोचायला फार काळ लागतो. त्या भरवशावर घर चालत नाही.

घर कशावर चालते, याचे उत्तर याच भागात मिळते. कवी गजानन माधव मुक्तिबोध मराठी घरातले, हिंदीत लिहायचे. त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत. गजानन नागपूरला आकाशवाणीत होते, ‘नया खून’ साप्ताहिकात होते, आणि १९५८ पासून बालाघाटच्या शेजारच्या राजनांदगावात कॉलेजात शिकवत होते. पाठ्यपुस्तकही लिहिले; मध्य प्रदेश सरकारने १९६२ मध्ये त्यावर बंदी घातली. एवढ्या ताकदीच्या लेखकालाही केवळ लेखणीवर संसार चालवता आला नाही. शिकवणी, दुकान, शेती, जे हाताशी आहे ते धरून ठेवावे आणि लेखन त्याच्या जोडीने वाढवावे. नोकरी सोडून यात उडी घ्या असे सांगणारे कोर्स विकत असतात.

कागदपत्रांबद्दल मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण नवखा लेखक इथेच सर्वांत जास्त गमावतो. स्वतंत्रपणे काम करणारा लेखक कायद्याने सेवा देणारा सूक्ष्म उद्योग ठरू शकतो. उद्यम पोर्टलवर आधार आणि पॅन वापरून नोंदणी होते आणि ती पूर्णपणे मोफत आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्यानुसार अशा नोंदणीकृत पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि लेखी मुदत ठरलेली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. तक्रार आपल्याच राज्याच्या सुविधा परिषदेकडे करता येते, मग ग्राहक मुंबईचा असो की दिल्लीचा. फक्त क्रम चुकू नये: आधी नोंदणी, मग काम.

दुसरा कायदा १९५७ चा, कॉपीराइटचा. नोकरीत नसलेल्या लेखकाने लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक तोच असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो सही केलेल्या लेखी करारानेच दिला जातो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तोंडी ‘सगळे हक्क आमचे’ म्हटल्याने ते त्यांचे होत नाहीत. पैसे बुडवून लेख छापला गेला, तर हा मुद्दा पत्रात लिहून पाठवावा.

परदेशातून पैसे आले तर बँक ते कशाचे आहेत हे विचारते, कारण रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक रकमेला कारणाचा ठरावीक संकेतांक लावावा लागतो. खात्यावरचे, पॅनवरचे आणि वेबसाइटवरचे नाव एकसारखे असावे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींचे पैसे नेमके यातच अडकतात, म्हणून आधी कागद जुळवावेत. देशातल्या कंपनीने कर कापून पैसे दिले असतील, तर वर्षाअखेरीला विवरणपत्र भरावे. उत्पन्न करपात्र नसल्यास कापलेली रक्कम परत मिळते.

नागपूर, गोंदिया, पुण्यातल्या प्रकाशकांना, शिकवणी वर्गांना, दवाखान्यांना आणि दुकानदारांना एक विनंती. सीमेपलीकडच्या मुलामुलींना काम द्या, आणि देताना विषय, शब्दसंख्या, रक्कम आणि पैसे देण्याची तारीख या चार गोष्टी ईमेलवर लिहून द्या. निम्मी रक्कम आधी द्या. लेख नापसंत झाला तर तो वापरू नका आणि तसे कळवा.